कत्वा उभा होता, नदी गेली

पाटबंधाऱ्यात नोकरी केली म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठलं धरण बांधलंत?" मी एकही धरण बांधलेलं नाही. उभ्या नोकरीत मी कत्वे दुरुस्त केले. कत्वा म्हणजे काय, हे आमच्या बरकतपुऱ्यातल्या शेजाऱ्यांनाही मला दर वेळी नव्याने सांगावं लागतं, तर इथेही सांगतो.

कत्वा म्हणजे नदीच्या पात्रात आडवी बांधलेली बुटकी भिंत. ती पाणी साठवत नाही. नदीचं पाणी कमरेएवढं वर उचलायचं आणि काठावरच्या कालव्याच्या तोंडात सोडायचं, एवढंच तिचं काम. पूर आला की तो भिंतीच्या डोक्यावरून खुशाल निघून जातो. दगड आणि चुन्याचे असले कत्वे हैदराबादच्या आसपास निजामाच्या काळापासून आहेत, काही त्याच्याही आधीचे. ते कुणी बांधले ते कुणाला ठाऊक नाही, पण कुणी दुरुस्त करायचे ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ते माझ्याकडे यायचे.

आमचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवालं. वडील नोकरीसाठी शहरात आले, जामबागेत भाड्याने राहिले, आणि मी तिथल्या शाळेत मराठी शिकलो. त्यामुळे माझं मराठी पुस्तकी, भांडण दखनीत आणि कामकाज तेलुगूत. पत्नी पुण्याची. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिने मला विचारलं होतं की तुम्ही एका वाक्यात किती राज्यं फिरता. तिलाच हे लिखाण वाचायला दिलं तेव्हा ती म्हणाली, दिवाळी अंकात एवढं रडगाणं कशाला. मग मी तिच्या समाधानासाठी एक हसण्याजोगा माणूस घालतो.

एका गावात एक गृहस्थ होते, ते दर महिन्याला मला लेखी अर्ज द्यायचे. त्यांच्या शेताची पाण्याची पाळी शुक्रवारी साडेदहाला यायची आणि तेव्हा राहुकाळ लागतो. त्या वेळी शेतात शिरलेलं पाणी पिकाला लागत नाही, सबब पाळी बदलून मिळावी. मी त्यांना सांगितलं की पाणी नदीतून निघतं ते पहाटे, शुभमुहूर्तावर, तुमच्याकडे फक्त पोचतं साडेदहाला. ते दोन महिने गप्प बसले. तिसऱ्या महिन्यात अर्ज आला की निघण्याची वेळ ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांच्या पुरोहितांचं मत आहे. शेवटी मी त्यांची पाळी शेजाऱ्याशी बदलून दिली. शेजारी मुसलमान होता, त्याला शुक्रवारी साडेदहा चालत होतं, फक्त नमाजाच्या आत पाणी संपायला हवं होतं.

झालं. आता माझं सांगतो.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या वर्षांतली आहे. देश उघडला, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आमच्या गल्लीत दोन नव्या मोटारी आल्या, नारायणगुड्याच्या चौकात कॉम्प्युटर शिकवण्याच्या पाट्या लागल्या आणि आमच्या खात्यात भरती बंद झाली. रिटायर झालेल्या मेस्त्रीच्या जागी माणूस येईना. जीप बिघडली ती दुरुस्तच झाली नाही. मी माझ्या स्कूटरवरून कत्वे बघत फिरायचो आणि पेट्रोलचं बिल घरखर्चात जिरवायचो.

शहरापासून तासाभरावर, मुशीला जाऊन मिळणाऱ्या एका वागूवर, म्हणजे छोट्या नदीवर, एक कत्वा होता. त्याच्या कालव्यावर एका गावाची भातशेती होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गावाचा नीरटी होता एल्लय्या. नीरटी म्हणजे पाणी वाटणारा. कालव्याचं तोंड उघडणं, बंद करणं, कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं, हे सगळं त्याच्या हातात. बापाकडून मुलाकडे चालत आलेलं काम. सुगीला प्रत्येक शेतकरी त्याच्या पदरात धान्य घालायचा. सरकारने ती जुनी गावकामगारीची पदं काही वर्षांपूर्वी मोडीत काढली होती, पण एल्लय्याला ते कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्याने ऐकलं नव्हतं. तो रोज पहाटे खांद्यावर फावडं टाकून कालव्याकडे जायचाच. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, काटक, बोलणं मोजकं.

गणपतीच्या दिवसांत चार दिवस मुसळधार पाऊस झाला. पाचव्या दिवशी सकाळी एल्लय्या दुधाच्या गाडीत बसून थेट माझ्या घरी आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. आत यायला तयार नव्हता. पत्नीने पायरीवरच चहा दिला. तो त्याने उभ्यानेच संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाला,

"कत्वा खडा है साब. नदी चले गई."

मला एका वाक्यात सगळं समजलं. कत्वा फुटला असता तर बरं झालं असतं. पुराने भिंतीला हातही लावला नव्हता. भिंत जिथे डाव्या काठात शिरते, तिथला मातीचा काठच त्याने खाल्ला होता आणि नदी भिंतीला वळसा घालून पलीकडून निघून गेली होती. मी जाऊन पाहिलं. भिंत कोरडी ठणठणीत उभी, तिच्यावर बगळे बसलेले, आणि शेजारून तीसेक पावलांच्या नव्या खिंडीतून पाणी खळाळत खाली जातंय. कालव्याचं तोंड पाण्यापेक्षा हातभर उंच राहिलेलं. कालव्यात बेडकाला पुरेल एवढंही पाणी नव्हतं.

आणि भात पोटरीत होतं. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कणीस पोटात धरलेल्या भाताला पाणी तोडलं तर कणीस बाहेर येतं ते पोकळ. दहा-बारा दिवस ते कसंबसं तग धरतं. पुढे पाणी आणून ओतलंत तरी उपयोग नसतो. गावात विहिरी होत्या तीन-चार, त्याही कालव्याच्या झिरप्यावर चालणाऱ्या.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा पाऊस थांबला होता, पूर ओसरला होता आणि खिंडीतलं पाणी गुडघ्यावर आलं होतं. गावात डप्पू, म्हणजे हलगी, वाजत होता. ही तिथली पद्धत. नीरटीने डप्पू वाजवायला लावला की कालव्यावरच्या प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन नदीवर आलाच पाहिजे. त्यात जात नाही, मोठा-लहान नाही. मी पोचलो तेव्हा काठावर पन्नास-साठ माणसं जमली होती. ताडाच्या मेखा तासून ठेवलेल्या, शिंदीच्या झावळ्यांच्या मोळ्या, कडबा, चिकणमातीच्या दोन बैलगाड्या. मेखांच्या दोन रांगा ठोकायच्या, त्यांत झावळ्या विणायच्या, मध्ये कडबा आणि माती तुडवायची. चार दिवसांत कच्चा बांध उभा राहतो आणि पाणी परत कालव्याला लागतं. माझ्या कुठल्याच पुस्तकात हा बांध नाही, पण मी तो तीन गावांत टिकलेला पाहिला आहे.

त्यात आणखी एक रिवाज होता, तो मला फार आवडायचा. पहिली मेख ठोकायची ती ज्याचं शेत कालव्याच्या अगदी शेवटी त्याने. तोंडाजवळच्या शेतकऱ्याने काम हाती घेतलं तर आपल्या बांधाला पाणी लागलं की तो घरी जातो. शेवटच्याला पाणी मिळायचं तर सगळ्यांना मिळाल्यावरच मिळतं. म्हणून कामाची सुरुवात त्याची. त्या गावात शेवटचं शेत होतं सत्तम्माचं. दीड एकर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सासरी. पन्नाशीची असेल. ती कासोटा घालून गुडघाभर पाण्यात उभी होती, दोघांनी मेख धरली होती आणि तिच्या हातात मोगर होता, लाकडी, मोठा.

मी काठावरून ओरडलो, "थांबा."

मी का थांबवलं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा मला मूर्ख समजेल. मूर्ख नव्हतो, तेच तर वाईट. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात असाच काठ वाहून गेला होता. लोकांनी आठवड्यात कच्चा बांध घातला. मी पक्क्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. वरचे साहेब पाहणीला आले, कालव्यात पाणी वाहताना पाहिलं आणि म्हणाले, "नुकसान कुठंय?" फाइलवर शेरा आला, पाणीपुरवठा पूर्ववत, सबब प्रस्ताव निकाली. पुढच्या पुरात तो कच्चा बांध गेला, आणि त्याच्याबरोबर काठाचा आणखी मोठा तुकडा गेला. त्या गावाचा कालवा कायमचा बंद पडला. तेव्हाच मी शपथ घेतली होती की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. पूरदुरुस्तीच्या मंजुरीला दोन गोष्टी लागायच्या, कार्यकारी अभियंत्याची प्रत्यक्ष पाहणी आणि खिंडीत मोजपट्टी उभी करून काढलेले फोटो. खिंड उघडी दिसायलाच हवी.

मी ते लोकांना समजावलं. निम्मं दखनीत, निम्मं तेलुगूत. आठ दिवस थांबा. साहेब येतील, फोटो होतील, मग त्याच दिवशी संध्याकाळी तुमचा कच्चा बांध घाला, मी स्वतः माती टाकीन. उन्हाळ्यात पक्की भिंत होईल, नातवंडांपर्यंत बघायला नको.

लोक एल्लय्याकडे बघायला लागले. तो पाण्याकडे बघत होता.

"आठ दिन धान रुकता साब," तो म्हणाला. "नौवें दिन का मेरेकू मालूम नै."

"आठच्या आत येतील. मैं बोल रहा ना."

हे शेवटचं वाक्य मी म्हणायला नको होतं. त्या गावात मी आधी दोनदा शब्द दिला होता आणि दोन्ही वेळा पाळला होता. त्यामुळे त्यांनी पुढे विचारलंच नाही. सत्तम्मा पाण्यातून बाहेर आली. तिला तेलुगूच यायचं. मोगर काठावर ठेवत तिने मला विचारलं, "नीळ्ळोस्तया सारू?" पाणी येईल ना, साहेब. मी म्हटलं, येईल अम्मा. ती पदराला हात पुसून घरी गेली.

मी त्याच दिवशी अहवाल हाताने लिहून स्वतः नेऊन दिला. साहेब, म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता, माणूस म्हणून वाईट नव्हते. तिसऱ्या दिवशी येतो म्हणाले. तिसऱ्या दिवशी परदेशातल्या कुठल्याशा बँकेची माणसं शहरात आली. पाटबंधारे कसे सुधारावेत, लोकांना पाण्याच्या कारभारात सहभागी कसं करून घ्यावं, यावर त्यांना चर्चा करायची होती. सगळे साहेब तिकडे. पाचव्या दिवशी मी फोन केला, उद्या नक्की. सहाव्या दिवशी त्या पाहुण्यांना गोवळकोंडा दाखवायला गाडी गेली.

सातव्या दिवशी मी त्या हॉटेलात गेलो. बंजारा हिल्सवरच्या त्या संगमरवरी फरशीवर माझे चिखलाचे बूट, आणि दरवाजावरच्या शिपायाची नजर बुटांवर. साहेब जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले. मी म्हटलं, भात जातंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अहो, मलाही कळतं. रविवारी सकाळी सातला निघू, सुट्टी असली तरी." हे साहेबही मराठीच होते, आमच्याच मंडळाच्या गणपतीला आरतीला उभे राहणारे. मी विश्वास ठेवला. आत भिंतीवर पडदा लावला होता आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात लोकसहभाग असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं होतं. साठ माणसं फावडी घेऊन आली होती आणि त्यांना मी घरी पाठवून आलो होतो, हे तिथे कुणाला सांगावं ते मला कळेना.

रविवारी साहेबांना ताप आला. खरोखरच आला, मी घरी जाऊन पाहिलं.

मी तिथून तडक स्कूटर काढली. शब्द दिल्याला दहावा दिवस होता. चुलीत गेली मंजुरी, आज बांध घालायचा, असं ठरवूनच निघालो. वाटेत उप्पलच्या पुढे आभाळ काळं दिसायला लागलं, पण पाऊस इकडे नव्हता, वर डोंगराकडे पडत होता. मी नदीवर पोचलो आणि एल्लय्याला म्हटलं, डप्पू वाजव. त्याने मला हाताला धरून काठावर नेलं. खिंडीतलं पाणी छातीएवढं झालं होतं, गढूळ, झाडांची मुळं घेऊन येणारं. त्यात मेख ठोकता येत नाही. माणूसच उभा राहत नाही.

नदी आठ दिवस गुडघाभर राहिली होती. पुढच्या सहा दिवसांत ती छातीखाली उतरली नाही. आम्हाला द्यायचे ते दिवस तिने दिले होते, ते मी फायलीत घालवले. हे वाक्य मी त्यानंतर कित्येकदा स्वतःशी म्हटलं आहे, आज पहिल्यांदा लिहितो आहे.

वर पाऊस पडत होता, आणि गावावर मात्र थेंब नाही. मी रोज जायचो. का जायचो ते माहीत नाही, करण्यासारखं काहीच नव्हतं. कणसं बाहेर आली ती पांढरी. हातात घेऊन चोळली तर नुसतं फोलपट. तोंडाजवळच्या काही शेतांना ओल होती, तिथे थोडं हाती लागलं. जसजसं शेवटाकडे जावं तसतसं रान करपट, आणि सत्तम्माच्या दीड एकरात तर भेगा एवढ्या की फावड्याचा दांडा आत जावा. बतुकम्माचा, फुलांचा सण आला. बायका फुलांच्या राशी दरवर्षी कालव्यात सोडायच्या, त्या वर्षी नदीपर्यंत चालत गेल्या. वाटेत मी उभा होतो. त्या मला वळसा घालून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा आभारी झालो असतो.

साहेब सतराव्या दिवशी आले. पाणी उतरलं होतं. मोजपट्टी उभी केली, फोटो निघाले. खिंड मोठी आणि स्पष्ट दिसत होती. साहेब म्हणाले, "चांगलं केलंत, लोकांना हात लावू दिला नाहीत. केस मजबूत झाली." त्या दिवशी सत्तम्मा उभं वाळलेलं भात गुरांसाठी कापत होती. ती तिथून दिसत होती. साहेबांनी विचारलं, ते काय कापतायत. मी म्हटलं, चारा.

मंजुरी आली. मी नोकरीत पाहिलेल्यातली सगळ्यात झटपट मंजुरी. आणि आता अभिमानाने सांगतो, कारण तेवढं मला सांगू द्या, काम मी नोकरीतलं सर्वांत चांगलं केलं. कत्वा डाव्या काठात आणखी पंधरा पावलं आत नेला, खाली खडकापर्यंत पाया खणला, काठाला दगडी अस्तर घातलं, आणि कालव्याच्या तोंडाला लोखंडी दरवाजा बसवला. पाया कुठपर्यंत न्यायचा ते एल्लय्याने दाखवलं. जमिनीखाली जुन्या पात्राची वाळू कुठून जाते ते त्याला पायाला समजायचं. त्याने अनवाणी चालत रेघ मारली आणि आम्ही खणलं तिथे वाळू निघाली. कंत्राटदाराने सिमेंट कमी घालायचा प्रयत्न केला तेव्हा मी एक अख्खा थर उखडून टाकायला लावला. उन्हाळाभर मी त्या काठावर उभा होतो. मला वाटत होतं, एक पीक गेलं, पण पुढची सगळी पिकं वाचवतोय.

त्याच उन्हाळ्यात गावात मोटारी यायला लागल्या. बंद काचांच्या, शहरातल्या. मी त्या येता-जाता पाहायचो. कालव्याच्या शेवटाकडची जमीन रस्त्याला लागून होती, आणि ती त्या पुरापासून कोरडी पडलेली, म्हणजे घ्यायला सोपी. एल्लय्या एकदा म्हणाला, "साब, आखरी के लोगां जा रे." मला वाटलं, लग्नसराई आहे, पाहुणे म्हणून कुठे जात असतील. खरं सांगायचं तर असं वाटून घेणं सोयीचं होतं. माझं लक्ष दरवाजाच्या रबरी पट्टीवर होतं.

जुलैत नदीला पाणी आलं. नव्या कत्व्याला पाणी लागलं, चढलं, आणि मी एल्लय्याला दरवाजाचं चाक फिरवायला सांगितलं. पाणी कालव्यात शिरलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी नीरटी पाण्याच्या पुढे चालतो. पाणी जमिनीत मुरत, पालापाचोळा ढकलत, माणसाच्या चालीने पुढे येतं, आणि तो फावड्याने वाट मोकळी करत त्याच्या दोन हात पुढे असतो, अगदी शेवटच्या शेतापर्यंत. मीही त्याच्याबरोबर निघालो. बॅगेत काम पूर्ण झाल्याचा दाखला होता. त्यात एक रकाना असतो, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचल्याचा, त्यावर त्या शेतकऱ्याचा अंगठा घ्यायचा. शाईचा पॅडही घेतला होता.

पहिल्या मैलात लोक काठावर उभे होते. एक-दोघांनी मला नमस्कार केला. रोपं तयार होती. पुढे माणसं विरळ होत गेली. अर्ध्या वाटेनंतर डावीकडची रानं नांगरलेली नव्हती. एल्लय्या फावड्याने वाट मोकळी करत पुढे चालत राहिला. मग प्लॉट पाडल्याचे दगड दिसायला लागले. गुडघ्याएवढे, चुना फासलेले, ओळीत रोवलेले, मध्ये रस्त्यासाठी सोडलेल्या पट्ट्या. भाताचे बांध मोडून सपाट केलेले. एका खांबावर फलक होता, त्यावर बाग आणि कारंजं काढलेलं होतं.

सत्तम्मा तिच्या शेताच्या कडेला बसली होती. पाणी येणार हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिच्या दीड एकरात असे दगड बारा-तेरा असतील.

मी एल्लय्याला हळूच विचारलं, इने कब दिया. तो म्हणाला, बैसाखात विकली. आणि मग, त्याच्या मानाने पुष्कळच, बोलला. म्हणाला, बियाणं होतं तिच्याकडे, भावाने दिलं होतं. बैलही मिळाले असते. पण ती म्हणाली, पाणी आपल्या हातात होतं तोवर शेत आपलं होतं. आता पाणी कागदावर गेलं. कागद कधी येईल ते सारूलाही माहीत नसतं, मग मी कुणाच्या भरवशावर पेरू?

पाणी आलं. तिच्या शेताच्या तोंडाशी थबकलं, वळलं आणि आत शिरलं. पहिल्या दगडाला लागलं, त्याच्या दोन्ही बाजूंनी गेलं.

मी दाखला काढला. दप्तरात जमीन अजून तिच्याच नावावर होती, फेरफार व्हायचा होता. पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं होतं. कागदावरचा शब्द न् शब्द खरा होता. मी तेलुगूत तिला काय लिहिलंय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि अंगठा पुढे केला. मी पॅड धरला. तिने दुसऱ्या हाताने कागद दाबून धरला आणि अंगठा स्वतःच नीट उमटवला.

मग ती शेतात पसरणाऱ्या पाण्याकडे वळली.

"बंद चेय्यि अन्ना," ती एल्लय्याला म्हणाली. "नीळ्ळु वाया चाललं." बंद कर दादा, पाणी वाया चाललं.

वाया हा शब्द तिने मराठीत म्हटला नव्हता, अर्थातच, पण मला तो माझ्याच भाषेत ऐकू आला. एल्लय्या फावडं घेऊन जागचा हलला नाही. त्या टोकाला उभं राहून आयुष्यभर त्याने आणखी पाणी सोड म्हणूनच ऐकलं होतं. दोनदा वाकला आणि दोनदा सरळ झाला.

मी त्याच्या हातातून फावडं घेतलं. काठावरचा चिखल उचलला आणि तोंड मी बुजवलं.